भांड्यावरचं नाव

२०२२ च्या फेब्रुवारीत चार दिवस नागपूरला गेलो होतो. सकाळी सहाच्या सुमारास मामाच्या घरासमोरून असा काही आवाज आला की मला वाटलं, कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला. बाहेर येऊन बघतो तर मामेभाऊ आपल्या इको गाडीच्या स्टिअरिंगवर, आणि चेहरा पार उतरलेला. रात्रीतून कुणीतरी गाडीखाली शिरून सायलेन्सर उतरवून नेलं होतं. बाकी गाडी जशीच्या तशी. टेप होता, स्टेपनी होती, मागच्या बाजूला रचलेले रिकामे जेवणाचे डबेसुद्धा होते. मामेभाऊ त्याच गाडीतून डबे पोचवतो, त्यामुळे त्या दिवशी शंभरेक लोक उपाशी राहिले असं म्हणायला हरकत नाही.

ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गाडी तर आहे ना?" आता काय बोलणार!

घरी आलो तर मामा ओसरीवर चहा पीत बसला होता. मी तावातावाने चोरांबद्दल बोलत होतो. कोण असतील, किती जण असतील, सीसीटीव्ही कुठे कुठे आहेत वगैरे. मामाने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चोर कोण ते राहू दे बे. घेऊन कोण राहिला ते पाय आधी."

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी पुण्याला परत आलो आणि नंतरचे बरेच शनिवार-रविवार त्यात घातले. (बायकोच्या मते वाया घातले.) मला वाटलं होतं हा प्रश्न मामाचा आहे. निघाला तो दोन हजार वर्षांचा.

*

आधी त्या सायलेन्सरमध्ये असतं काय ते सांगतो. चोराला सायलेन्सर नको असतं, त्याच्याबरोबर असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा असतो. पत्र्याच्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ थर. इंजिनातून आलेला विषारी धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचा निकाल लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला. त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोलही आणावं लागलं, कारण शिशाने तो थर मरतो. मग हळूहळू तो सगळीकडे आला.

एका गाडीत हे धातू जेमतेम काही ग्रॅम असतात. पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला सुमारे २९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. त्याच महिन्यात सोनं औंसाला १७०० डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे सोन्याच्या सोळा-सतरा पट! भाव नंतर पुष्कळ उतरला, पण तोवर जगभरच्या चोरांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. महाराष्ट्र-गुजरातेत त्या एक-दोन वर्षांत इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या सारख्या येत होत्या. गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, चार बोल्ट सोडले की काम झालं. त्या बातम्यांत एक शब्द हमखास असायचा : 'माती'. चोर डबा फोडून आतली वीट काढतात, तिचा भुगा होतो, आणि ती माती किलोवर विकली जाते.

मातीवर नंबर नसतो. गोष्टीची गाठ इथेच आहे.

*

आता मामाबद्दल. मामाने चाळीस वर्षं इतवारीत भांड्यांचं दुकान चालवलं. ज्यांना नागपूर माहीत नाही त्यांच्यासाठी : नागपूरच्या जुन्या बाजारांना वारांची नावं आहेत. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. आणि इतवारीच्या पोटात पुन्हा ओळी. भांडे ओळ, लोहा ओळ, किराणा ओळ. एका ओळीत एकच माल. लहानपणी सुट्टीत मी मामाच्या गल्ल्यामागे बसायचो तेव्हा समोरून दिवसभर ठोकण्याचा आवाज यायचा आणि नाकात चिंचेचा आणि ओल्या पितळेचा वास.

मामाचा अर्धा धंदा मोडीचा. मोड म्हणजे तुटकी, पोचे आलेली, गळकी भांडी. ती वजनावर घ्यायची, कथील-झाळ-मळ यांची घट धरायची आणि उरलेल्या वजनाची किंमत नव्या भांड्यात वळती करायची. 'मोडीत काढणं' हा शब्दप्रयोग आपण हल्ली जुन्या कॉम्प्युटरला आणि हरलेल्या पुढाऱ्यांना वापरतो, पण त्याचा अर्थ कळायचा असेल तर तो तराजू बघायला हवा. कुणाची तरी आजी लग्नात आणलेली परात घेऊन आलेली असते. तराजूत पडेपर्यंत ती परात असते, नंतर ते साडेतीन किलो पितळ होतं. पोती भरली की ती भंडाऱ्याकडच्या भट्ट्यांना जायची.

आणि प्रत्येक दुकानात असायचं तसं मामाकडेही नाव घालायचं मशीन होतं. कर्रर्र आवाज करत भांड्याच्या काठावर नाव, तारीख, 'सप्रेम भेट'. तेव्हा मला वाटायचं की हे कौतुकासाठी आहे. मामा म्हणायचा, "कौतुक कायचं? पंगतीत गेलेलं भांडं घरी वापस आलं पाहिजे ना!"

थोडक्यात, भांड्यावरचं नाव म्हणजे मालकीची नोंद. आपल्या भाषेत मेटाडेटा. आणि भट्टी म्हणजे वन-वे फंक्शन. आत काय गेलं यावरून बाहेर काय येईल ते सांगता येतं, पण बाहेर आलेल्या विटेवरून आत कुणाची परात गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चोरीच्या धातूबद्दलचे सगळे कायदे याच एका अडचणीभोवती फिरत आले आहेत : भट्टीच्या आधी कुणीतरी विचारलं पाहिजे, आणि विचारण्याच्या जागी उभा असतो तो फक्त घेणारा.

*

कौटिल्याला हे पक्कं माहीत होतं. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात हरवलेल्या-चोरलेल्या मालाचं प्रकरण आहे. त्यातली पद्धत अशी : माल चोरीला गेला आणि सापडत नसेल तर त्या जातीच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना कळवायचं. कळवल्यावर तो माल त्यांच्याकडे आला आणि त्यांनी लपवला तर ते चोराचे साथीदार. माहीत नसताना घेतला असेल तर माल परत करून सुटका. आणि पुढचं वाक्य तर थेट भंगारवाल्यांसाठी आहे. जुना माल बाजाराच्या अधिकाऱ्याला, म्हणजे संस्थाध्यक्षाला, कळवल्याशिवाय गहाण ठेवायचा नाही की विकायचा नाही. माल कुणाकडे सापडलाच तर त्याने सांगायचं की तो कुणाकडून, कुठे, कधी, केवढ्याला घेतला, आणि त्याची खूण काय. मग त्या माणसाला विचारायचं. मग त्याच्या आधीच्याला. प्रोग्रॅम क्रॅश झाल्यावर आपण स्टॅक ट्रेस बघत उलटे जातो, तसंच.

याज्ञवल्क्य स्मृतीत हेच घेणाऱ्याच्या बाजूने मांडलंय, आणि मला ते फार आवडलं. ज्याच्याकडे अशी वस्तू असण्याची शक्यताच नाही त्याच्याकडून, एकांतात, फार कमी किमतीत, आणि अवेळी जो माल घेतो, तो चोरच समजावा. चार चाचण्या : कोणाकडून, कुठे, केवढ्याला, केव्हा. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि पुढे कित्येक शतकं आपल्याकडचे शास्त्री तिच्यावर विसंबून राहिले. घेणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधायला मन उघडून बघता येत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघायचं.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत हेच 'रीझन टू बिलीव्ह' या शब्दांत आणलं. कलम ४११ : चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. कलम ४१३ : असा माल घेण्याची सवयच असेल तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे सवयीने घेणारा हा एकदा चोरणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हेगार. १८७२ च्या पुरावा कायद्याने आणखी एक दार उघडलं : चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडला आणि ज्याला खुलासा देता आला नाही, तो चोर किंवा जाणूनबुजून घेणारा असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 'शकतं', धरलंच पाहिजे असं नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ४१० ते ४१४ ही सगळी कलमं आता एकट्या कलम ३१७ मध्ये आहेत. कंपायलर बदलला, लॉजिक तेच.

पण या सगळ्यात सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षाची. माल भट्टीत गेला असेल तर सिद्ध काय करणार, कपाळ?

*

ही अडचण सरकारच्या स्वतःच्या मालाला आली तेव्हा मात्र गंमत झाली. स्वातंत्र्यानंतर टेलिग्राफच्या तांब्याच्या तारा खांबांवरून गायब होऊ लागल्या. १९५० साली संसदेने फक्त त्यासाठी एक कायदा केला. त्यातली तारेची व्याख्या वाचून मी खुर्चीतून उठलो. मैलाला १४७ ते १५३ पौंड, किंवा १९६ ते २०४, किंवा २९४ ते ३०६ पौंड भरेल ती तांब्याची तार म्हणजे टेलिग्राफची तार! म्हणजे १५०, २०० आणि ३०० पौंडांची तार, दोन टक्के इकडेतिकडे. तारेवर नाव घालता येत नाही, म्हणून तिची जाडी हेच तिचं नाव. कायदा लिहिणाऱ्यांमध्ये नक्की कुणीतरी इंजिनिअर असणार. (तारा गेल्या, तारखाते गेलं, आणि २०२३ साली संसदेने कालबाह्य कायद्यांची साफसफाई केली त्यात हा कायदाही गेला.)

मग रेल्वे. १९५५ साली एक कायदा झाला, आणि तो पुरेना म्हणून १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा. इतवारीला हा जवळचा विषय, कारण स्टेशन तिथेच. तिथून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी लाइन २०१५ साली बंद झाली. या कायद्यात पारडं उलटं केलंय. रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला आणि तो चोरीचा असल्याचा वाजवी संशय असेल, तर तो रीतसर आला हे तुम्ही सिद्ध करायचं. नाही जमलं तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत, आणि खास कारण नसेल तर किमान एक वर्ष. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला, त्यामुळे पुढे मुंबई पोलीस कायदाही (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) आपल्याला लागू झाला. त्याचं कलम १२४ असंच, पण बरंच सौम्य : संशयास्पद मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर शिक्षा. २००३ च्या वीज कायद्यात विजेच्या तारा चोरणाऱ्याला कलम १३६ आणि त्या घेणाऱ्याला कलम १३७.

यादी नीट बघा. तारखात्याची तार, रेल्वेचा रूळ, वीज कंपनीची तार, सगळ्यांना आपापला कायदा. तुमच्या-आमच्या घंगाळाला आणि मामेभावाच्या सायलेन्सरला? जनरल कलम.

मग सगळ्याच मालाला रेल्वेचा नियम का लावू नये, असं मला आधी वाटलं होतं. मामाने एका वाक्यात हवा काढली : "मग हातगाडीवाला पावती कुठून आणेन?" खरंय. भंगाराच्या साखळीत सर्वात खाली असतो तो दारोदार फिरणारा कबाडी. त्याच्याकडे ना बिल, ना रजिस्टर. संशयाची जबाबदारी उलटी फिरवली की पहिला आत जाणार तो. भट्टीवाला वकील लावणार.

*

मग दुसरा मार्ग : घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याआधी त्याला नोंद ठेवायला लावायची. तामिळनाडूने १९८५ साली भंगारवाले, जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि गाड्या दुरुस्त करणारे वर्कशॉपवाले या सगळ्यांना परवाना लावणारा कायदा केला. इंग्लंडने ३ डिसेंबर २०१२ पासून भंगार रोखीत घ्यायलाच बंदी केली आणि २०१३ च्या कायद्याने परवाना आणि विकणाऱ्याची ओळख तपासणं सक्तीचं केलं. चोराला धनादेश देऊन बघा! नंतर तिथल्या धातूचोऱ्या बऱ्याच घटल्या. त्याच सुमाराला तांब्याचा भावही उतरला होता, त्यामुळे सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही. आणि कन्व्हर्टरचा भाव चढल्यावर २०१९-२० च्या सुमारास त्याच इंग्लंडात कन्व्हर्टरची चोरी भडकली.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी पाच राज्यांतल्या २१ जणांवर आरोप ठेवले. बोल्ट सोडणाऱ्या पोरांपासून ते थेट मोठ्या घाऊक खरेदीदारांपर्यंत. जप्तीसाठी मागितलेली रक्कम होती ५४.५ कोटी डॉलर! मामाच्या प्रश्नाचं हे उत्तर. ती माती शुद्ध करून त्यातून प्लॅटिनम काढणं गल्लीतल्या भट्टीचं काम नाही. चोर हजारो असतील, पण शेवटचे घेणारे मोजके असतात. पुढच्याच वर्षी मिनेसोटा राज्याने नियम केला की सुटा कन्व्हर्टर घ्यायचा तर त्यावर तो ज्या गाडीचा आहे तिची खूण असली पाहिजे. म्हणजे भांड्यावर नाव घाला, नाहीतर मोडीत घेणार नाही. आमच्या इतवारीत हे कधीचं चालू होतं राव :-)

आपल्याकडे २०२१ साली वाहनं मोडीत काढण्याचे नियम आले. नोंदणीकृत केंद्रं, मालकाची कागदपत्रं, गाडी चोरीची तर नाही ना याची तपासणी. चांगलं आहे. पण ते सगळं अख्ख्या गाडीसाठी, नंबर प्लेट आणि चासी नंबर असलेल्या गाडीसाठी. सुट्या डब्याला कोण विचारतो? ऑक्टोबर २०२४ पासून बिगरनोंदणीकृत विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेतलं तर त्यावरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असा नियम झाला. म्हणजे नोंद आली. पण त्या नोंदीत वजन आहे, भाव आहे, कर आहे. 'हे कुणाचं होतं?' हा रकाना नाही.

*

हे सगळं मी गेल्या दिवाळीत मामाला सांगत होतो. याज्ञवल्क्याच्या चार चाचण्या सांगितल्या. कोणाकडून, कुठे, केवढ्याला, केव्हा. मामा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने एक गोष्ट सांगितली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती, आणि मामीनेही नसावी.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. सकाळी दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर असताना, सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा तांब्याचं घंगाळ घेऊन आला. भाव त्याने विचारलाच नाही, मामा म्हणेल तो. मामाने अर्ध्या भावात घेतलं. पंधरा दिवसांनी पोलीस त्याच पोराला घेऊन दुकानात. त्याने बोट दाखवलं. घंगाळ तोवर भट्टीत. मामाने हात वर केले : असं काही आलंच नाही. पंचनाम्यात 'काही मिळून आले नाही'.

"सोबत ती बाई होती," मामा म्हणाला. "जिचं होतं ती. तिच्या बापाने लग्नात दिलं होतं. पोलीस गेले तरी ती थांबून राहिली. दुकानात जेवढी घंगाळं होती ना, एकेक उलटं करून नाव वाचून पाहात होती. अर्धा तास. मी काही म्हटलं नाही. पाणी दिलं फक्त."

मी विचारलं, "मामा, तुला घेताना माहीत होतं?"

"नाव होतं त्याच्यावर. तारीख होती. वाचलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी मामाने लाल कापडी बांधणीची एक वही आणली. मोड आणणाऱ्याचं नाव, पत्ता, वस्तू, वजन, आणि भांड्यावर नाव असेल तर ते जसंच्या तसं. नाव असलेलं भांडं महिनाभर न मोडता फळीवर ठेवायचं. ही वही लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला वाटायचं ती इन्कम टॅक्ससाठी आहे. कुठल्या कायद्याने ती ठेवायला लावली नव्हती, आणि तिच्यामुळे मामाचं गिऱ्हाईकही तुटलं, कारण शेजारी न विचारता घेत होते. मला वाटतं परवान्याचा, नोंदीचा कायदा हवा तो यासाठी. एकट्याने विचारलं तर त्याचा धंदा जातो. सगळ्यांना विचारावं लागलं तर कुणाचाच जात नाही. आणि सुरुवात व्हायला हवी ती वरून, माती घेणाऱ्या मोजक्या लोकांपासून, हातगाडीपासून नाही.

असो. मामेभावाने तेव्हाच नवं सायलेन्सर बसवलं आणि खालून लोखंडी जाळी वेल्ड करून घेतली. बसवायच्या आधी मामाने माळ्यावरून नाव घालायचं जुनं मशीन काढलं आणि कन्व्हर्टरच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरला. कर्रर्र. मी म्हटलं, मामा, नंबर पत्र्यावर आहे, माल आत आहे, ते डबा फोडून फेकून देतील.

"माहीत आहे," मामा म्हणाला. "पण घेणाऱ्याले वाचावं तर लागेन."